स्टेअरिंगचा थरकाप

गुलमंडीत चारचाकी गाडी घालणाऱ्याने वेळेचा हिशेब घरी ठेवून यावे. पैठण गेटकडून येणारा टिळक पथ, सिटी चौकाकडून येणारा मछली खडक आणि औरंगपुऱ्याकडून येणारी वाट अशा तीन प्रवाहांची तेथे गाठ पडते. कापडाची दुकाने, फळांच्या हातगाड्या, सुपारी हनुमानाच्या दर्शनाला थांबलेल्या दुचाक्या, लग्नाचा बस्ता बांधून रिक्षा शोधणारी कुटुंबे या सर्वांतून गाडी चालते ती माणसाच्या पावलाने. आपले हे शहर, पूर्वीचे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर, कितीही पसरले तरी गुलमंडीची रुंदी मात्र होती तेवढीच राहिली. सणासुदीच्या दिवसांत मी तेथे गाडी नेण्याचे टाळतो. तरीही एका नोव्हेंबरात मला आमच्या धर्मग्रामाची पिकअप घेऊन चार दिवसांत तीनदा तेथे जावे लागले. त्या फेऱ्यांची ही हकिकत आहे. ती लिहिताना मला थोडी लाजही वाटते. परंतु तिचा एक भाग मी भर चर्चमध्ये सांगून चुकलो आहे, तेव्हा उरलेला भाग या पानांवर सांगावयास हरकत नसावी.

आमची पिकअप दोन केबिनची आहे. पुढे पाच माणसे बसतात, मागे सामान राहते. वसतिगृहाचे धान्य, सणाच्या मंडपाच्या खुर्च्या, सिस्टरांच्या दवाखान्याची औषधांची खोकी, खेड्यांवर धर्मशिक्षण देणारे प्रचारक, आणि प्रसंग आला तर शवपेटीसुद्धा तिने वाहिली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅव्हॉयकडचे फ्रान्सेलियन धर्मगुरू नागपूरहून या मुलखात आले, तेव्हा ते बैलगाडीने, घोड्यावरून, नाही तर पायी हिंडत. घोगरगावात ज्यांचे नाव आजही मायेने घेतले जाते त्या फादर जाकिए यांना टायर पंक्चर होण्याची चिंता नव्हती. आम्हांला मात्र खेडे गाठावयाचे तर डिझेल लागते, आणि पुढची दोन चाके सरळ चालावी लागतात.

ती सरळ चालेनाशी झाली. पावसाळा संपता संपता गाडी ताशी पंचावन्न-साठ किलोमीटरच्या पुढे गेली की स्टेअरिंग हातात कापू लागे. प्रथम मी त्याकडे दुर्लक्ष केले. मग एके दिवशी गंगापूरच्या वाटेवर एका लहानशा खड्ड्यातून डावे चाक गेले आणि स्टेअरिंग अक्षरशः हातातून सुटू पाहू लागले. समोरच्या काचेजवळ चिकटवलेले संत ख्रिस्तोफरचे पदक खाली पडले. (या संताचा सण १९६९ च्या सुधारणेत सार्वत्रिक पंचांगातून काढून स्थानिक धर्मप्रांतांवर सोपविण्यात आला, ही गोष्ट आमच्या प्रचारकाने त्याही क्षणी बोलून दाखविली.) वेग ताशी तीसपर्यंत उतरला तेव्हा कुठे थरकाप थांबला.

नागपूरच्या सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकविताना ॲरिस्टॉटलची चार कारणे आणि संत थॉमस अक्वायनसचे विवेचन घोटून घेतले होते. तर्कदोषांच्या यादीत एक दोष असा असे की, एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर घडली म्हणून ती दुसरीमुळेच घडली असे मानणे. परीक्षेत मी हा दोष अचूक ओळखीत असे. गाडीच्या बाबतीत मी तो तीनदा केला.

पहिल्यांदा टायरच्या दुकानात. तेथे सांगण्यात आले की पुढचे टायर असमान झिजले आहेत, म्हणून स्टेअरिंग हलते. टायर खरोखरच असमान झिजले होते. कडेला खाचा आणि उंचवटे पडले होते. मी दोन नवे टायर घेतले, चाकांचे संतुलन करवून रिमला शिशाची वजने ठोकून घेतली. अकरा हजार रुपये गेले. गाडी तीन आठवडे गुणी मुलासारखी वागली आणि पुन्हा कापू लागली. झिजलेले टायर हे दुखण्याचे कारण नसून दुखण्याने पाडलेला ओरखडा असू शकतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्यांदा एका गॅरेजमध्ये. त्यांनी स्टेअरिंगच्या दांडीला एक डँपर बसवून दिला. डँपर म्हणजे आत तेल भरलेली नळी. झटका आला की ती तो गिळते. थरकाप एकदम नाहीसा झाला. मी त्या गॅरेजची चार ठिकाणी स्तुती केली. दोन महिने असे गेले.

तिसरी चूक सांगावयाची तर आमच्या चालकाविषयी सांगावे लागेल. तो आमच्याच वसतिगृहात वाढलेला, बत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप. बोलणे कमी. हात स्थिर. पण गाडी मी चालवितो तेव्हा क्वचितच हलते आणि तो चालवितो तेव्हा वारंवार हलते, एवढे मला दिसत होते. तो आठवड्यातून सहा दिवस खेड्यांच्या रस्त्यांवर गाडी नेतो आणि मी रविवारी शहरातल्या शहरात, हा फरक मी हिशेबात धरला नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बिडकीनच्या पलीकडच्या एका वस्तीवरून एका वृद्ध बाईंना घाटी रुग्णालयात आणावयाचे होते. मी सोबत होतो. मागच्या बाकावर बाई, त्यांची सून आणि एक सिस्टर बसल्या होत्या. पैठण रस्त्यावर एका लहान पुलाच्या सांध्यावर चाक आदळले आणि पुढची दोन्ही चाके अशी डावी-उजवी आपटू लागली की जणू खालून कोणी घण घालीत आहे. चालकाने ब्रेक दाबला नाही. स्टेअरिंग घट्ट धरून गाडी हळूहळू मुरुमाच्या कडेला घेतली आणि थांबविली. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. तो गेला. कोणाला खरचटलेही नाही. सून मात्र मोठ्याने रडत होती आणि बाई जपमाळ मुठीत घेऊन डोळे मिटून बसल्या होत्या.

भीती ओसरताना माणसाला राग येतो. मी रस्त्याच्या कडेला, त्या तिघींसमोर आणि जमलेल्या दहा-बारा लोकांसमोर त्याला बोललो. टायर नवे, डँपर नवा, आता राहिले काय? राहिला तूच. असे म्हणून मी किल्ली मागून घेतली. त्याने एवढेच म्हटले, "फादर, खाली काहीतरी सैल आहे. मी मागे सांगितले होते." मला ते उद्धटपणाचे वाटले. उरलेला रस्ता ताशी तीसच्या वेगाने मी गाडी चालविली. रविवारी धर्मग्राम समितीच्या बैठकीत मी त्याच्या निष्काळजीपणाची नोंद करविली. सोमवारपासून तो आला नाही. जाधववाडीच्या बाजारात कांद्याच्या ट्रकवर जातो असे कळले.

आता गाडी माझ्याच हातात होती आणि ती पूर्वीइतकीच कापत होती. आमच्या शाळेच्या जुन्या शिपायाने गुलमंडीतल्या चाचांचे नाव सुचविले. चौकातून मछली खडककडे वळले की पाठीमागे एक बोळ लागतो. तेथे एका शटरच्या रुंदीची त्यांची जागा. भिंतीवर पाने, खाली ऐरण, कोपऱ्यात ग्रीसचा डबा. गाडी उभी करण्यास जागाच नाही. ती दूर लावावयाची आणि चाचांना पिशवीसह गाडीपर्यंत न्यावयाचे. वय सत्तरीच्या पुढे. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ साली हैदराबाद संस्थानात बसगाड्या सुरू केल्या, स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या. पुढे त्या खात्याच्या वर्कशॉपात आपले वडील कामाला होते, असे चाचा सांगतात, आणि पुढच्या अखंड ॲक्सलविषयी त्यांचे ज्ञान वडिलांकडून आलेले आहे.

मी बोनेट उघडावयास लागलो तर त्यांनी हाताने थांबविले.

"फादरसाब, खोलने की बात बाद में. पैले ये बताओ, हिलता कब है?"

मग प्रश्नांची सरबत्ती. गुळगुळीत रस्त्यावर हलते की खड्डा लागल्यावर? एका ठरावीक वेगाला हलून पुढे थांबते, की सुरू झाल्यावर वेग उतरेपर्यंत थांबतच नाही? फक्त ब्रेक दाबल्यावर हलते का? गाडी रिकामी असताना अधिक की मागे ओझे असताना? केव्हापासून? त्याच्या आधी गाडीला कोणी काय केले? पापनिवेदन ऐकण्याचे शिक्षण देताना आमचे प्राध्यापक ट्रेंट परिषदेच्या १५५१ च्या शिकवणीचा दाखला देऊन सांगत की पापाचा प्रकार, संख्या आणि त्याचे स्वरूप बदलणारी परिस्थिती, एवढे कळल्यावाचून धर्मगुरूने बोलू नये. बोळाच्या तोंडाशी उभा राहून मी आता दुसऱ्या बाजूला होतो, आणि माझी उत्तरे संदिग्ध होती.

चाचांनी विचारले, गाडी रोज कोण चालवितो? मी सांगितले की आता मीच, पूर्वीचा चालक गेला. ते म्हणाले, "उसको बुलाओ. उसके हाथ को मालूम रहता." आणि ते पुन्हा आपल्या कामाला बसले. ही पहिली फेरी.

मी त्या संध्याकाळी जाधववाडीला गेलो. क्षमा मागण्यासाठी गेलो असे लिहिले असते तर बरे दिसले असते. पण मी गेलो तो मिस्त्रीने बोलाविले म्हणून. "तुझ्याशिवाय त्यांना सांगता येत नाही," एवढेच मी म्हणालो. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, धुतलेला सदरा घालून.

प्रश्न तेच होते, उत्तरे निराळी आली. गुळगुळीत रस्त्यावर हलत नाही. खड्डा, सांधा किंवा गतिरोधक लागला आणि तो डाव्या चाकाला लागला, तरच सुरू होते. सुरू झाले की तीसच्या खाली आल्याशिवाय थांबत नाही. ब्रेकशी संबंध नाही. केव्हापासून? तो क्षणभर माझ्याकडे पाहून म्हणाला, "सणाच्या नंतरपासून थोडे थोडे. पावसाळ्यात वाढले."

चाचांनी लगेच दोन वाटा वेगळ्या केल्या. त्यांचे म्हणणे मी माझ्या शब्दांत मांडतो. चाक असंतुलित असेल किंवा रिम वाकली असेल तर प्रत्येक फेऱ्याला एक झटका बसतो. ताशी साठ किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटर. चाकाचा घेर सव्वादोन मीटर धरला तर सेकंदाला सात-साडेसात फेरे, म्हणजे तितकेच झटके. ही गती स्टेअरिंगच्या अंगच्या कंपनाशी जुळली की ते थरथरते आणि वेग पुढे गेला की शांत होते. हा थरकाप रस्ता कसाही असला तरी येतो. दुसरा प्रकार वेगळा. तेथे खड्डा फक्त काडी पेटवितो. आग सांध्यांतल्या ढिलाईवर जळत राहते. आमच्या गाडीला हा दुसरा प्रकार होता, आणि मी पैसे खर्च केले होते पहिल्या प्रकारावर.

या दुसऱ्या दुखण्याला इंग्रजीत शिमी म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत खांदे थरथरविण्याचा एक नाच लोकप्रिय झाला होता, त्याचे हे नाव. १९२० च्या दशकात मोटारींना कमी हवेचे गुबगुबीत टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले, तेव्हा हा रोग साथीसारखा पसरला. जॉर्ज ब्रुलिए या फ्रेंच अभियंत्याने १९२५ साली त्यावर लिहिताना दाखविले की रबरी टायर जिकडे तोंड असते नेमका तिकडेच जात नाही, किंचित तिरका घसरत जातो. अखंड ॲक्सलचे दुखणे समजण्यास लहानपणचा भोवरा आठवावा. फिरत्या भोवऱ्याला एका अंगाने बोट लावले तर तो त्या अंगाला न पडता आडव्या दिशेने वळतो. चाकही भोवराच आहे. डावे चाक खड्ड्यावर उचलले की ॲक्सल तिरका होतो, आणि ॲक्सल अखंड असल्याने दोन्ही चाके एकदम तिरकी होतात व भोवऱ्याच्या न्यायाने एका बाजूस वळू पाहतात. सांधे घट्ट असतील तर हे वळणे तेथेच मरते. ढिले असतील तर चाक वळते, टायर त्याला परत ओढतो, ते पलीकडे जाते, ॲक्सल पुन्हा तिरका होतो. दोन चाकांना स्वतंत्र करून पाहावे, हा विचार यातूनच बळावला आणि १९३४ च्या मॉडेलांत अमेरिकेतील जनरल मोटर्सने पुढच्या चाकांची स्वतंत्र रचना आणली. खेड्यांच्या ओझ्याच्या गाड्यांत अखंड ॲक्सल मात्र पुढेही पुष्कळ वर्षे राहिला, कारण तो दणकट असतो आणि गुलमंडीतल्या बोळात दुरुस्त होतो.

तपासणी चर्चच्या आवारात झाली. प्रथम गाडी चारही चाकांवर उभी. चालकाने आत बसून स्टेअरिंग चार बोटे डावीकडे, चार बोटे उजवीकडे असे हलवीत राहावयाचे आणि चाचांनी खाली झोपून प्रत्येक सांध्यावर तळहात ठेवावयाचा. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई हाताला कळते. मलाही त्यांनी खाली यावयास सांगितले. झगा काढून मी गोणपाटावर आडवा झालो. टाय रॉडच्या डाव्या टोकावर बोटे ठेवली तेव्हा प्रत्येक हेलकाव्याला एक बारीक टक् जाणवत होते. दांडी आपल्या अंगाभोवती थोडी फिरली तर चालते, बाजूला सरकता कामा नये, आणि ती सरकत होती. पुढच्या पाट्यांचे यू-बोल्टही अर्धा-पाऊण फेरा आवळले गेले.

मग जॅक लावून, खाली घोडी ठेवून चाके उचलली. चाक वरून आणि खालून धरून हलविले. डावे चाक स्पष्ट खडखडले. मी म्हणालो, बेअरिंग गेले. चाचा हसले आणि चालकाला ब्रेक दाबून धरावयास सांगितले. ब्रेक दाबला की चाक आणि त्यामागची पाटी एक होतात, बेअरिंगची ढिलाई दडते. तरीही चाक हललेच. म्हणजे ढिलाई बेअरिंगच्या मागे, किंगपिनमध्ये होती. चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळते ती ही किंगपिन. इतकी साधी युक्ती, आणि मी तिच्या अलीकडे टायर, वजने आणि डँपर विकत घेऊन बसलो होतो.

पण किंगपिन एवढ्या लवकर का झिजावी? चाचांनी ग्रीस गन मागितली आणि डाव्या किंगपिनच्या वरच्या नीपलला लावली. दांडा दाबला तर ग्रीस आत न जाता गनच्या तोंडाभोवती बाहेर आले. त्यांनी नीपल फडक्याने पुसले, नखाने खरवडले. खाली काळ्या रंगाचा पापुद्रा निघाला. नीपलच्या तोंडातली बारीक गोळी रंगाने चिकटून बसली होती.

तो रंग मी लावून घेतला होता. जानेवारीत धर्मग्रामाच्या सणाआधी गाडी धुऊन, खालचा सांगाडा काळ्या रंगाने फवारून घ्यावा असे मीच रंगाऱ्याला सांगितले होते, कारण बिशपस्वामी येणार होते आणि गाडी दारातच उभी राहणार होती. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी चालक ग्रीसने माखलेल्या हातांनी माझ्या खोलीच्या दाराशी आला होता. ते दृश्य मला त्या गोणपाटावर पडल्या पडल्या जसेच्या तसे आठवले. तो म्हणाला होता, "फादर, ग्रीस आत जात नाही." मी सणाच्या जमाखर्चात होतो. मान वर न करता मी म्हणालो होतो, "जोर लाव."

पुढच्या बाजूला आमच्या गाडीला बारा नीपल आहेत. त्यांपैकी पाच बंद होते. बारा हा आकडा ऐकून माझ्या मनात जे आले ते मी बोललो नाही. नऊ महिने तो दर पंधरवड्याला ग्रीस भरीत होता आणि त्या पाच जागी ते बाहेरच राहत होते. पावसाळ्याचे पाणी मात्र आत जात होते. डावे चाक रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांतून अधिक जाते, म्हणून ते आधी गेले.

दुरुस्तीचे वर्णन लांबवीत नाही. किंगपिनचा जोड आणि बुश नवे आणले. बुश दाबून बसवून लेथवाल्याकडे रीमरने पिनच्या मापाला आणले, हे काम दिवसभराचे. पिन बुशात हाताने जावी, पण सैल पडू नये, हे माप चाचा डोळे मिटून पाहतात. टाय रॉडची दोन्ही टोके बदलली. पाचही नीपल नवे. नंतर दोन चाकांच्या पुढच्या व मागच्या कडांमधील अंतर फितीने मोजून पुढचे किंचित, दोन-तीन मिलिमीटरने कमी ठेवले. चाकांचे संतुलन सर्वांत शेवटी. हा क्रम उलटा केला तर पैसे वाया जातात, कारण ढिल्या सांध्यांवर केलेली मोजणी दुसऱ्या दिवशी खरी राहत नाही. डँपर चाचांनी काढूनच ठेवला. "पैले इसके बगैर चलाओ," ते म्हणाले. डँपरवाचून जी गाडी सरळ चालते तीच दुरुस्त झाली असे त्यांचे मत. सर्व मिळून साडेपाच हजार रुपये झाले, आणि ते देण्यासाठी मी तिसऱ्यांदा गुलमंडीत गेलो.

त्या फेरीत चालकच गाडी चालवीत होता. चौकात गर्दीत अडकून आम्ही पंधरा मिनिटे जागच्या जागी होतो. मी म्हणालो की माझी चूक झाली. तो समोर पाहत म्हणाला, "होय, फादर." मी आणखी काही ऐकण्याची वाट पाहिली, त्याने हॉर्न वाजवून एका हातगाडीला जागा करून दिली. त्याचे बरोबर होते. मी जे घेतले होते ते बंद गाडीत परत करता येण्याजोगे नव्हते. दुसऱ्याचे नाव विनाकारण खराब केले तर नुसता पश्चात्ताप पुरत नाही, गेलेले नाव परत द्यावे लागते, असे मी दरवर्षी पहिल्या ख्रिस्तशरीराच्या तयारीला बसलेल्या मुलांना शिकवितो. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथातही ते आहे. ज्या उघडपणे ते घेतले, शक्य तितक्या उघडपणे ते द्यावे.

म्हणून पुढच्या रविवारी मिस्सेनंतरच्या सूचनांमध्ये, लग्नाच्या जाहिराती वाचून झाल्यावर, मी ही हकिकत सांगितली: रंग, नीपल, "जोर लाव", पैठण रस्त्यावरचे माझे शब्द. त्या पुलावर ब्रेक न दाबता गाडी ज्याने कडेला घेतली त्याच्यामुळे चार माणसे जिवंत आहेत, हेही सांगितले, कारण तशा थरकापात जोरात ब्रेक मारला असता तर गाडी कोठे गेली असती हे चाचांनी मला समजावून दिले होते. समितीच्या वहीतली नोंद त्याच दिवशी खोडून खाली खरी नोंद लिहिली व सर्वांच्या सह्या घेतल्या. काही ज्येष्ठांना हे आवडले नाही. धर्मगुरूने एवढे बोलावयास नको होते, चालक डोक्यावर बसेल, असे दोघांनी मला सॅक्रिस्टीत येऊन सांगितले. चालकाची पत्नी पहिल्या बाकांवर नव्हती. ती मागे, दाराजवळ उभी होती. नंतर आवारात ती मला भेटली आणि म्हणाली की कांद्याच्या ट्रकवर रोज जास्त मिळत होते. मी समितीपुढे त्याचा पगार वाढविण्याचा प्रस्ताव ठेवला. तो पुढच्या खेपेला मंजूर झाला, मागितले होते त्याच्या निम्म्याने.

घाटीतून त्या वृद्ध बाई महिनाभराने बऱ्या होऊन परतल्या. त्यांना न्यावयास तोच गेला होता. पुलाच्या त्या सांध्यावर त्याने मुद्दाम वेग उतरविला नाही, असे सिस्टरांनी मला नंतर सांगितले. स्टेअरिंग हलले नाही.

यंदाच्या जानेवारीत रंगारी पुन्हा आला. मी सकाळी आवारात गेलो तर चालक गाडीखाली होता. जुन्या चादरीच्या चिंध्या करून तो प्रत्येक नीपलला बांधीत होता. मी वाकून विचारले, "किती झाले?" आतून आवाज आला, "दहा. उजवीकडचे दोन राहिले आहेत, फादर. ती चिंधी इकडे द्या."